ड्रामाटर्जी म्हणजे नक्की काय? एक कडी, एक अंगठी आणि एक डबा

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' ज्यांनी पाहिलंय किंवा वाचलंय त्यांना सुरुवातीचा एक अगदी बारीकसा प्रसंग आठवत असेल. रात्री प्रयोग करायला एका गावी आलेल्या नाटकमंडळींतली लीला बेणारे तिथल्या सामंतबरोबर गावातल्या हॉलमध्ये पोचते, बाकीची मंडळी अजून मागे आहेत, आणि दार उघडताना तिचं बोट कडीत सापडलंय. त्यावरून सामंत त्या कडीबद्दल सांगतो, की ती नीट पूर्ण सरकवली नाही आणि तसंच दार लावलं तर बाहेरून बंद होऊन बसते, मग आतला माणूस आतच अडकतो. एवढंच. लगेच गप्पा सुरू होतात, बाकीचे येतात, चेष्टामस्करी होते, आणि वेळ घालवायला म्हणून सगळे मिळून खोट्या खटल्याचा खेळ मांडतात. कडी आपण पार विसरून जातो. मग तो खेळ बघता बघता खेळ राहत नाही, बेणारेला तिथून निघून जायचं असतं, ती दाराशी जाते आणि दार उघडत नाही.

आता विचार करा, सुरुवातीला ती कडी आलीच नसती तर? बेणारे दाराशी गेली, दार उघडलं नाही, तर आपण म्हटलं असतं की लेखकाने सोय केली, बाईला अडकवायचं होतं म्हणून दार बंद केलं. पण आपल्याला ते दार आधीच माहीत झालेलं असतं, बोट दुखावल्यामुळे तर ते जवळजवळ अंगाला लागलेलं असतं, त्यामुळे ती अडकते तेव्हा आपल्यालाही आपण अडकलोय असं वाटतं. आणि शेवटी दार उघडतं ते कसं, तर रात्रीच्या प्रयोगाला आलेले लोक बाहेरून दार उघडून डोकावतात. म्हणजे एका कडीवर नाटकाचं येणं, अडकणं आणि सुटणं तिन्ही बसवलंय.

ही जी बसवण्याची अक्कल आहे ना, तिला ड्रामाटर्जी म्हणतात.

हा शब्द हल्ली फेस्टिव्हलच्या पत्रकांवर, वर्कशॉपच्या पोस्टरवर सारखा दिसतो आणि बऱ्याच जणांना वाटतं की हे काहीतरी बाहेरून आलेलं फॅड आहे, नाहीतर मग स्क्रिप्ट दुरुस्त करून देणं म्हणजे ड्रामाटर्जी. दोन्ही खरं नाही असं मला वाटतं, आणि गेली काही वर्षं मी हेच काम करत असल्यामुळे जरा तपशिलात लिहिते.

आधी शब्दाचे दोन अर्थ वेगळे करू, कारण गोंधळ तिथेच होतो. ड्रामाटर्जी म्हणजे एक तर नाटकाच्या आत असलेली रचना. गोष्ट काय आहे हे वेगळं, आणि ती कुठून सुरू करायची, प्रेक्षकाला काय आधी कळू द्यायचं आणि पात्राला काय उशिरा, कुठली गोष्ट रंगमंचावर घडू द्यायची आणि कुठली फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकवायची, हे वेगळं. हे सगळं प्रत्येक नाटकात असतंच, कुणी मुद्दाम केलेलं असो वा नसो, चांगलं असो वा वाईट. आणि दुसरा अर्थ म्हणजे ते काम, की एखादा माणूस तालमीच्या आधीपासून प्रयोगापर्यंत या रचनेवर नजर ठेवून बसतो. तो माणूस म्हणजे ड्रामाटर्ग. मूळ शब्द ग्रीक, त्यात 'नाटक' आणि 'काम' हे दोन शब्द जोडलेत, म्हणजे नाटक घडवण्याचं काम.

आणि हे आपल्याकडे नव्हतं असं तर अजिबातच नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात इतिवृत्ताला, म्हणजे कथावस्तूला, नाटकाचं शरीर म्हटलंय, आणि मग त्या शरीराचे सांधे सांगितलेत, पाच संधी: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. सांधे हा शब्द मला फार आवडतो. हाडं नीट असून चालत नाही, गुडघा वाकला पाहिजे. त्याच शास्त्रात बीज आहे, सुरुवातीला टाकलेलं छोटंसं काहीतरी जे पुढे वाढत जातं, आणि बिंदू आहे, म्हणजे मधे दुसरंच काही सुरू होऊन मूळ धागा तुटल्यासारखा झाला की जे येऊन तो परत जोडतं. मगाचची कडी बीजाच्या जवळ जाते, आणि हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये, दोन्हीकडे प्रश्न एकच आहे की प्रेक्षकाच्या डोक्यात कधी काय पेरायचं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण शाकुंतलाचं आहे. महाभारतात आदिपर्वात जी शकुंतलेची गोष्ट येते तिच्यात अंगठी नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. तिथला दुष्यंत तिला ओळखतो, त्याला सगळं आठवत असतं, आणि तरी दरबारात तो नाकारतो, लोक काय म्हणतील म्हणून, आणि मग आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. ही गोष्ट तशीच्या तशी रंगमंचावर आणली तर नायकाबद्दल शेवटी काय वाटेल? कालिदासाने शाप आणला, अंगठी आणली, आणि गोष्टीतल्या घटना जवळपास त्याच ठेवून तिचा अर्थ फिरवला, खोटेपणाच्या जागी विसर आला. त्याहून बारीक गंमत म्हणजे शाप शकुंतलेला ऐकूच येत नाही. ती दुष्यंताच्या विचारात हरवलेली, आत पर्णकुटीत, शाप ऐकतात फक्त अनसूया आणि प्रियंवदा, आणि त्या ठरवतात की हिला सांगायचं नाही, हिला सोसवणार नाही. म्हणजे चौथ्या अंकापासून आपल्याला माहितीये आणि तिला माहीत नाही. ती सासरी निघते तो सगळा निरोपाचा प्रसंग आपण हे माहीत असताना पाहतो. झाडं निरोप देतात, हरणाचं पाडस पदर ओढतं, आणि आपला जीव वरखाली होतो कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला कळलेलं असतं. तोच निरोप शापाच्या आधी ठेवला असता तर गोड झाला असता, पण इतका जिव्हारी लागला नसता. मजकूर तोच ठेवून फक्त जागा बदला, नाटक बदलतं. १८८० मधे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल उभं केलं तेव्हा त्यांच्यापुढेही हेच प्रश्न आले असणार, कारण तिथे तर पदं होती, आणि पद कुठे घालायचं म्हणजे गोष्ट कुठे थांबवायची हाच निर्णय असतो.

बरं, मग ड्रामाटर्ग हे वेगळं पद कधी झालं? त्यासाठी जर्मनीत जायला लागतं. १७६७ साली हाम्बुर्ग शहरातल्या काही व्यापारी मंडळींनी पैसा घालून एक राष्ट्रीय नाट्यगृह सुरू केलं, जर्मन भाषेत चांगली नाटकं व्हावीत म्हणून, आणि गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग या नाटककाराला तिथे नोकरीवर घेतलं. काम काय, तर आपल्याच नाट्यगृहात होणाऱ्या नाटकांवर लिहायचं. म्हणजे घरचाच समीक्षक. त्याने लिहायला घेतलं, नटांच्या अभिनयावरही लिहिलं, आणि व्हायचं तेच झालं, नटमंडळी नाराज झाली, मग त्याने अभिनयावर लिहिणंच सोडलं आणि नाटक कसं रचलं जातं, प्रेक्षकाला करुणा कशी वाटते, फ्रेंच नाटकांची नक्कल आपण का करतोय, यावर लिहीत राहिला. असे १०४ लेख झाले. ते नाट्यगृह दोनेक वर्षांत बंद पडलं. लेख राहिले, 'हाम्बुर्गची ड्रामाटर्जी' या नावाने आजही वाचले जातात, आणि नाट्यगृहात विचार करायला पगारी माणूस ठेवावा ही कल्पना तिथे जी रुजली ती गेलीच नाही.

आज जर्मनीत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहांत ड्रामाटर्जीचा अख्खा विभाग असतो. पुढच्या सीझनला कुठली नाटकं करायची, कुठला अनुवाद घ्यायचा, कुठला दिग्दर्शक बोलवायचा यात त्यांचं म्हणणं असतं, तालमीत बसायचं, प्रयोगाची पुस्तिका तयार करायची, प्रेक्षकांशी चर्चा करायची. जर्मन नाटककार ब्रेख्त तरुणपणी म्युनिकला आणि नंतर बर्लिनला ड्रामाटर्ग म्हणून नोकरी करत होता, आणि त्याची नाटकं वाचताना ते जाणवतं, प्रत्येक प्रवेश का आहे याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. इंग्लंडमधे १९६३ मधे लॉरेन्स ऑलिव्हिएच्या हाताखाली नॅशनल थिएटर सुरू झालं तेव्हा केनेथ टायनन हा तिखट समीक्षक तिथे लिटररी मॅनेजर म्हणून गेला, साधारण तेच काम. नाचातसुद्धा हे आलं, जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाऊशबरोबर राइमुंड होगे १९८० पासून दहा वर्षं ड्रामाटर्ग होता. तिच्याकडे तर संहिताच नसायची. ती नर्तकांना प्रश्न विचारायची, ते काही करून दाखवायचे, आणि त्या ढिगातून काय ठेवायचं, कशाच्या शेजारी काय ठेवायचं, हे ठरवायला आणखी एक डोळा लागायचा.

आता प्रत्यक्षात काय करतात ते सांगते, कारण व्याख्येतून हे कळत नाही.

आमच्या ग्रुपने काही वर्षांपूर्वी एक नाटक केलं, गिरणी संपावरचं. लेखक आमच्यातलाच, दिग्दर्शक मित्र, आणि मी वही घेऊन बसणारी. मुंबईतला तो संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि आमच्या नाटकात त्यातलं एकच घर होतं, लालबागच्या चाळीतली एक खोली, वडील, आई, दोन मुलं. पहिलं वाचन झालं तेव्हा सगळे रडलेले. मी पण. पहिल्या वाचनाला मी वहीत फार काही लिहीत नाही, फक्त कुठे कान टवकारले आणि कुठे लक्ष उडालं एवढंच समासात खुणा करून ठेवते, कारण ती नजर परत मिळत नाही, दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही शहाणे झालेले असता.

मग घरी जाऊन कॅलेंडर मांडलं. हे काम कंटाळवाणं वाटेल पण मला यात नेहमी काहीतरी सापडतं. दुसऱ्या प्रवेशात आई म्हणते की संप सुरू होऊन सहा महिने झाले, आणि त्याच प्रवेशात खाली चाळीत रंगपंचमी चाललीये. जानेवारीपासून सहा महिने म्हणजे जुलै. रंगपंचमी मार्चमधे. लेखक म्हणाला ठीक आहे, सहाचे दोन करू. पण दोन महिन्यांत घर इतकं मोडत नाही, अजून आशा असते, त्या प्रवेशातली भांडणं सहा महिन्यांचीच होती. मग रंगपंचमीच काढली आणि प्रवेश श्रावणात नेला, आणि श्रावण आल्याबरोबर पाऊस आला, खोलीत गळती आली, गळतीखाली ठेवायला पातेली आली, आणि आमच्या साउंडवाल्या मुलीने त्या पातेल्यात पडणाऱ्या थेंबांवर अख्खा प्रवेश उभा केला. तारखेची चूक शोधताना हे मिळालं, नाहीतर सुचलंच नसतं.

नंतर एका जुन्या गिरणी कामगाराकडे गेलो. लेखकाने वडिलांच्या तोंडी 'मी लूमवर होतो' असं लिहिलं होतं. ते काका म्हणाले, असं कोण म्हणतं, आम्ही साच्यावर असायचो, साचेवाले आम्ही. तो शब्द बदलला, ठीक. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्याशी बोलताना लक्षात आली की ते फार मोठ्याने बोलत होते. साचा खात्यातल्या आवाजाने कान गेलेले. त्यांची बायको आतून हळू आवाजात काही विचारायची तर त्यांना पत्ता नसायचा, ती मग समोर येऊन हाताने खूण करायची. हे मी वहीत लिहिलं आणि दिग्दर्शकाला सांगितलं, नटाला नाही. हा नियम मी पाळते, नोट द्यायची ती दिग्दर्शकाला, नाहीतर नटाला दोन दिग्दर्शक होतात आणि तो बिचारा कुणाचं ऐकणार. दिग्दर्शकाने ते वडिलांचं काम करणाऱ्याला दिलं, आणि त्या माणसाचा सगळा सूरच बदलला. आधी तो रागावलेला बाप वाटत होता. आता तो मोठ्याने बोलणारा बाप झाला, ज्याला मुलं रागीट समजतात. रिसर्च रिसर्च म्हणतात तो यासाठी करायचा असतो. संपाची आकडेवारी पुस्तिकेत छापता येते, पण रंगमंचावर नटाच्या अंगात काय उतरलं ते महत्त्वाचं.

आणि मग ते स्वगत. तिसऱ्या प्रवेशात वडिलांचं दीड पानाचं भाषण होतं, संप का झाला, बोनस, पगार, बदली कामगारांचे हाल, मालक काय म्हणाले, सगळं. लिहिलेलं उत्तम. वाचनाला त्यावर टाळ्या पडलेल्या. तालमीत मात्र दर वेळी तिथे नाटक बसायचं, म्हणजे खाली बसायचं. कापा असं मी म्हटलं नाही. ते म्हणणं माझं कामच नाही असं मी मानते, कारण कापा म्हटलं की लेखक वाक्यं वाचवायला लागतो, आणि त्याचं बरोबरच असतं, त्याने जीव ओतून लिहिलेली असतात. मी एवढंच विचारलं, की हे तो कुणाला सांगतोय? खोलीत बायको आहे. तिला यातलं सगळं माहितीये, सहा महिने ती त्याच खोलीत आहे. मग तो हे कुणासाठी बोलतोय?

लेखक दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो नवीन पानं घेऊन, आणि त्यात स्वगत नव्हतंच. आई पहाटे उठते, स्टो पेटवते, पोळ्या करते, डबा भरते, झाकण लावते, क्लिप अडकवते, आणि नवऱ्यासमोर ठेवते. गिरणी सहा महिने बंद आहे. तो डबा उचलतो आणि बाहेर पडतो. कुठे जातो ते नाटक सांगत नाही. एक शब्द नाही त्या प्रवेशात. आणि स्वगतातल्या तीन ओळी त्याने पाचव्या प्रवेशात धाकट्या मुलाच्या तोंडी घातल्या, अर्धवट आठवलेल्या, थोड्या चुकीच्या, बापाचं कधीतरी ऐकलेलं पोराने आपल्या मित्राला ऐकवावं तशा. त्या ओळी आधीपेक्षा कितीतरी जास्त लागल्या.

आता यात मी काय केलं? एक प्रश्न विचारला. डबा लेखकाचा आहे, पूर्णपणे त्याचा. पण प्रश्न नसता तर डबा आला असता का, हे मला कधीच ठरवता येणार नाही, आणि या कामातला सगळ्यात अवघड भाग मला तोच वाटतो.

हा नुसता मानापमानाचा मुद्दा नाही, यावर कोर्टात खटला झालाय. अमेरिकेत 'रेंट' नावाचं म्युझिकल आहे, जोनाथन लार्सनचं. १९९५ मधे न्यूयॉर्कच्या ज्या छोट्या थिएटरमधे ते होणार होतं तिथल्या लोकांनी लिन थॉमसन या ड्रामाटर्गला त्याच्याबरोबर काम करायला आणलं, कारण मालमसाला भरपूर होता पण गोष्ट हाताला लागत नव्हती. ठरलेली रक्कम २००० डॉलर. दोघांनी महिनोन्महिने संहितेवर काम केलं. जानेवारी १९९६ मधे, पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री लार्सन अचानक गेला, ३५ वर्षांचा होता. नाटक तुफान चाललं, ब्रॉडवेवर बारा वर्षं. थॉमसनने दावा केला की मी सहलेखिका आहे आणि रॉयल्टीतला १६ टक्के हिस्सा मला मिळावा. खालच्या कोर्टात आणि १९९८ मधे अपिलातही ती हरली. तिने काहीच केलं नाही असं कोर्ट म्हणालं नाही, उलट तिचं योगदान मानलं, पण सहलेखक व्हायला दोघांचीही तशी इच्छा असावी लागते आणि लार्सन शेवटपर्यंत स्वतःला एकटाच लेखक मानत होता, हा मुद्दा ठरला. नंतर दोन्ही बाजूंनी कोर्टाबाहेर मिटवलं. मला स्वतःला वाटतं की कोर्टाचं बरोबर होतं, आणि तरीही २००० डॉलर बरोबर नव्हते. म्हणून मी सगळ्या नवीन पोरांना सांगते, कामाला हात लावायच्या आधी कागदावर लिहून घ्या, काय काम, किती पैसे, श्रेयनामावलीत नाव कुठे, नाटक पुस्तकरूपात आलं तर काय. मित्र असलात तरी लिहा. मित्र असलात तर जास्तच लिहा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, दिग्दर्शक असताना हा आणखी एक माणूस कशाला? प्रश्न रास्त आहे. दिग्दर्शकाला हे सगळं येत नाही असं कुणीच म्हणत नाही. पण चाळीस दिवस तालीम झाली की दिग्दर्शकाला नाटक पाठ झालेलं असतं, नट कुठे अडखळतो, लाइट कधी येणार, प्रॉपर्टीत काय राहिलं, हे त्याच्या डोक्यात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला काय कळेल हे त्याला आता दिसूच शकत नाही. म्हणून मी रंगीत तालमीच्या आधी आठ-दहा दिवस मुद्दाम तालमीला जात नाही. जाववत नाही असं वाटतं, फोन करावासा वाटतो, पण जायचं नाही. मग एकदम रंगीत तालमीला जाऊन मधल्या रांगेत बसायचं. आणि प्रयोगाला तर मी रंगमंचाकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघते, कडेच्या खुर्चीवर बसून. कुठे खोकला सुरू होतो, कुठे खुर्च्या करकरतात, कुठे मोबाइलचा उजेड दिसतो. खोकला हा फार प्रामाणिक अभिप्राय आहे.

जुनं नाटक करायला घेतलं तर काम थोडं वेगळं होतं. हॅम्लेट घ्या. पहिलाच प्रश्न, कुठलं हॅम्लेट? १६०३ चं छापील पुस्तक आहे, त्यानंतर १६०४-०५ चं जवळजवळ दुपटीचं, आणि मग १६२३ च्या फोलिओतलं, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित मोठ्या पुस्तकातलं, आणि ही तिन्ही एकसारखी नाहीत. जगावं की मरावं वालं स्वगत १६०३ च्या पुस्तकात बरंच आधी येतं, म्हणजे हॅम्लेटचा निराशेपासून निश्चयापर्यंतचा रस्ताच वेगळा होतो. मराठीत आगरकरांनी १८८० च्या दशकातच 'विकारविलसित' केलं, नाना जोगांचं भाषांतर आहे ज्याचा चंद्रकांत कुलकर्णींनी २०१८ मधे मोठा प्रयोग केला, म्हणजे आपल्याकडेही निवडायला आहे. आणि पूर्ण करायचं म्हटलं तर चार तास लागतात, त्यामुळे कात्री आलीच. बरेच जण फोर्टिनब्रास काढतात, नॉर्वेचा राजपुत्र, दोनदा येतो, गेला तर कुणाला कळत नाही. पण तो गेला की हॅम्लेट ही एका घरातली गोष्ट होते, बाप, काका, आई, मुलगा. तो राहिला तर शेवटी प्रेतांनी भरलेल्या दरबारात परका राजपुत्र येऊन गादीवर बसतो आणि मग घरातल्या भांडणात देश गेला असं ते नाटक होतं. दोन्ही चालेल. फक्त आपण कुठलं करतोय ते माहीत असून कापा, प्रयोग अडीच तासांत बसत नाही एवढ्या कारणाने कापू नका.

आपल्याकडे हे काम कायम झालंय, नाव नव्हतं इतकंच. कोकणातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरतं, कोण कुठे येणार ते ठरतं आणि संवाद जागच्या जागी, आणि तरी रात्रभर चालणारं आख्यान कोसळत नाही, कारण कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे त्या मंडळींच्या हाडात आहे. 'घाशीराम कोतवाल' घ्या, डिसेंबर १९७२, पुणे. माणसांची रांग हाच पडदा. तीच माणसं गातात, नाचतात, पाठ फिरवून भिंत होतात, आणि त्या भिंतीमागे जे चाललंय ते झाकतात. तिथे सेट बदलायची सोय आणि नाटकाचं म्हणणं एकच होऊन बसलंय, की झाकणारी माणसंच आहेत. लेखणी तेंडुलकरांची, पण दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर, नृत्य बसवणारे कृष्णदेव मुळगुंद या सगळ्यांचा विचार एकत्र आल्याशिवाय ती भिंत कागदावरून उठली नसती. किंवा विजया मेहता आणि पूर्व जर्मनीतल्या वायमारहून आलेले फ्रित्झ बेनेविट्झ यांनी मिळून केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा', ब्रेख्तचं नाटक खानोलकरांच्या मराठीत. जर्मन शिस्तीचा माणूस आणि इथलं लोकनाट्य समोरासमोर बसवायचं म्हणजे दर पानाला ड्रामाटर्जीचे प्रश्न.

एकांकिका स्पर्धांच्या सीझनला तर प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपमधे एक जण असतो जो काम करत नाही, लाइटला नसतो, तरी रोज तालमीला येतो आणि चहाच्या वेळी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन म्हणतो, अरे पण ती परत का येते? तोच. त्याला जरा वही द्या, पहिल्या वाचनाला बोलवा, आणि नाव लावा. नाव न लावल्याने काय होतं माहितीये, तो दोन वर्षं करतो आणि मग त्याला वाटायला लागतं की आपण नाटकात काहीच करत नाही, आणि तो सुटतो. मी असे तीन-चार जण सुटताना पाहिलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

मराठीत नाव काय लावायचं यावर एकमत नाही. नाट्यसल्लागार, संहिता सल्लागार, असं काय काय लोक लावतात. सल्लागार मला आवडत नाही, सल्ला देऊन निघून जाणारा वाटतो. आम्ही त्या गिरणीच्या नाटकाला सरळ 'ड्रामाटर्ग' लावलं, तिसऱ्या घंटेआधी माइकवरून नावं वाचतात त्यातही तेच वाचलं.

आणि प्रयोग सुरू झाला की काम संपतं असंही नाही. आमच्या सातव्या की आठव्या प्रयोगाला त्या डब्याची क्लिप लागेचना. आईचं काम करणारी मुलगी शांतपणे दाबत राहिली, एकदा, दोनदा, क्लिप परत सुटली, तिने झाकण काढून पुन्हा नीट बसवलं, परत दाबली. वडील उभेच. एरवी दहा सेकंदांचं काम चांगलं मिनिटभर चाललं आणि हॉलमधे एक खुर्ची हलली नाही. प्रयोगानंतर दिग्दर्शक धावतच आला, म्हणाला हे ठेवायचं, उद्यापासून क्लिप खराबच ठेवू. मी म्हटलं नको. आज तिचे हात खरोखर क्लिपशी झगडत होते, उद्या ती झगडण्याचं काम करेल, आणि मुळात ती बाई रोज तोच डबा भरते, तिच्या हाताला ती क्लिप पाठ असणार, हात चुकत नाहीत यातच तिचं दुःख आहे. तो म्हणाला लोकांनी श्वास धरला होता, तू स्वतः बघितलंस. बघितलं होतं, ते खरंच होतं. टेम्पोत सेट चढेपर्यंत आम्ही त्यावर बोलत उभे होतो. पुढच्या प्रयोगापासून त्याने खराब क्लिपचा डबा ठेवला, नाटक त्याचं आहे, निर्णय त्याचा. माझ्या वहीत त्या पानावर अजून 'नको' लिहिलेलं आहे, आणि त्याखाली प्रत्येक प्रयोगाची तारीख आणि तिथे खोकला आला की नाही याची खूण.